माणूस बंडाकडे का वळतो?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोली येथे मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या ६० सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्यूरोतील हा नेता चार दशकांहून अधिक काळ भूमिगत होता. दोनच दिवसांनी बस्तरमधील जगदलपूर येथे आणखी २१० जणांनी १५३ शस्त्रांसह आत्मसमर्पण केले. त्यापूर्वी २१ मे रोजी पक्षाचा सरचिटणीस नंबाला केशवराव चकमकीत मारला गेला होता. १९६७ साली उत्तर बंगालमधील नक्षलबाडीत पेटलेल्या आणि देशाच्या अंतर्गत सुरक्षेला दीर्घकाळ आव्हान देणाऱ्या या चळवळीचा कणा मोडला, याचे समाधान राष्ट्रहिताची चिंता वाहणाऱ्या प्रत्येकाला वाटणे स्वाभाविक आहे. मर्केगाव, लाहेरी, जांभुळखेडा येथे सांडलेले जवानांचे रक्त वाया गेले नाही, असेही म्हणता येईल.

परंतु शस्त्रे मोजून झाल्यावर एक प्रश्न मागे उरतो आणि तो पोलीस दलाने नव्हे, तर समाजाने सोडवावयाचा आहे. हे तरुण मुळात तिकडे गेले का? घर, शेत, आईबाप आणि गाव सोडून हिवताप, उपासमार आणि गोळी यांखेरीज ज्या वाटेवर काहीच निश्चित नव्हते, त्या वाटेवर त्यांचे पाऊल कशामुळे पडले? या प्रश्नाला दोन तयार उत्तरे वर्षानुवर्षे दिली जातात. एक गट म्हणतो, दारिद्र्यामुळे. दुसरा म्हणतो, बुद्धिभेदामुळे. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. मात्र दोन्ही अपुरी आहेत आणि अपुऱ्या निदानावर केलेला उपचार रोग समूळ बरा करीत नाही.

केवळ भूक बंड करवीत नाही

दारिद्र्य हेच बंडाचे कारण असते, तर या देशात बंडखोरांची संख्या कोटींत गेली असती. मेळघाटातील बालमृत्यू आणि कुपोषण यांनी १९९३ पासून महाराष्ट्राचे मन अनेकदा हेलावले. तरीही मेळघाटात नक्षलवाद रुजला नाही. याउलट, या चळवळीच्या नेतृत्वात भुकेने गांजलेले फार थोडे होते. नंबाला केशवराव वारंगळच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पदवीधर होता. कोबाड गांधी हे डून स्कूलमध्ये शिकलेले. त्यांच्या पत्नी अनुराधा गांधी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी आणि पुढे नागपुरात प्राध्यापिका होत्या. २००८ मध्ये मेंदूज्वराच्या हिवतापाने त्यांचा मृत्यू झाला. यांपैकी कोणाच्याही घरची चूल थंड नव्हती.

अमेरिकन अभ्यासक टेड गर यांनी १९७० साली बंडांच्या कारणांवर लिहिलेल्या ग्रंथात या कोड्याची एक बाजू उलगडली. माणूस गरिबीमुळे पेटत नाही. आपल्याला जे मिळावयास हवे असे त्याला वाटते आणि जे प्रत्यक्षात मिळते, त्यांतील अंतरामुळे पेटतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. मात्र हे अंतर केवळ पैशांचे नसते. दंडकारण्याचा इतिहास पाहिला, तर ते प्रामुख्याने मानाचे असल्याचे ध्यानात येते.

चंद्रपूरच्या भूमीत बंडाची परंपरा मार्क्स वा माओ यांच्याकडून आलेली नाही. मोलमपल्लीचा गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके याने १८५८ साली गोंड, माडिया आणि रोहिले तरुणांना एकत्र करून इंग्रज सत्तेशी झुंज घेतली आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूर येथे तो फासावर गेला. ज्या जंगलात पूर्वजांच्या पिढ्या वावरल्या, तेथे आपण परके ठरतो आहोत, ही वेदना त्या लढ्याच्या मुळाशी होती. दुर्दैवाने स्वातंत्र्यानंतरही ती वेदना शमली नाही. इंग्रजांनी १९२७ मध्ये केलेला वनकायदा स्वतंत्र भारतातही चालू राहिला. मोहाची फुले वेचणारी, सरपण आणणारी, घराच्या कुडासाठी बांबू तोडणारी व्यक्ती कागदोपत्री गुन्हेगार ठरत असे. गुन्हा नोंदवू नये म्हणून कोंबडी, बकरा वा फुकटची मजुरी मागितली जाई. तेंदूपानांच्या हंगामात फळीवरचा मुनीम पुडे मोजताना खोट काढून कष्टाची मजुरी बुडवी. बांबूतोडीचा दर ठेकेदार ठरवी. यात आर्थिक लूट होतीच. पण बापाला मुलादेखत शिवी ऐकावी लागणे, ही त्याहून मोठी जखम होती.

१९८० साली कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या पीपल्स वॉर गटाने गोदावरी ओलांडून आपली छोटी पथके सिरोंचा भागात धाडली, तेव्हा त्यांनी वनवासी माणसाला वर्गसंघर्षाचा पाठ शिकविला नाही. त्यांनी प्रथम तेंदूपानांच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला. ठेकेदाराला दर वाढवावा लागला. वनरक्षकाची अरेरावी थांबली. पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून उभे राहणाऱ्या माणसाने प्रथमच पाहिले, की ज्याच्यासमोर आपण थरथरतो, तोही कोणासमोर तरी थरथरतो! त्या दृश्याची मोहिनी कोणत्याही पुस्तकापेक्षा मोठी होती. ती मोहिनी घालणारे पुढे त्याच ठेकेदारांकडून खंडणी घेऊ लागले आणि त्या पैशावर दलमे पोसू लागले, ही गोष्ट नंतरची. पण तोवर पहिली पिढी जंगलात गेलेली होती.

विचाराआधी नाते

अपमान हे कारण मानले, तरी एक पेच उरतोच. अपमान साऱ्या गावाचा होतो. मग दलमात दोघे-तिघेच का जातात? अर्थशास्त्रज्ञ मॅन्कुर ओल्सन यांनी १९६५ मध्येच हा पेच मांडला होता. लढ्याचे फळ सर्वांना मिळणार आणि किंमत मात्र लढणाऱ्यालाच मोजावी लागणार, तर शहाणा माणूस घरीच बसेल, असा त्यांचा युक्तिवाद. हिशेब म्हणून तो बिनतोड आहे. तरीही इतिहासात माणसे घराबाहेर पडली आहेत, याचा अर्थ माणूस केवळ हिशेबी प्राणी नाही.

या पेचाचे एक महत्त्वाचे उत्तर अमेरिकेतीलच एका अभ्यासातून मिळते. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यातील कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी करण्यासाठी उत्तरेकडील विद्यार्थ्यांना आवाहन करण्यात आले. काम जीवावर बेतणारे होते आणि मोहिमेच्या प्रारंभीच तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली. समाजशास्त्रज्ञ डग मॅकॲडम यांनी त्या वेळचे ९५९ अर्ज तपासले. त्यांपैकी ७२० जण प्रत्यक्ष गेले, २३९ जणांनी माघार घेतली. दोघांच्या विचारांत, ध्येयनिष्ठेत फारसा फरक आढळला नाही. फरक होता तो नात्यांचा. ज्यांचे मित्र, विशेषतः जिवाभावाचे मित्र, त्या मोहिमेत होते, ते गेले. जे एकाकी होते, ते गळाले.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात, देवघरात शिरून जो उच्छाद मांडला, त्याचा संताप साऱ्या शहराला होता. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडण्यासाठी मात्र चापेकरांच्या एका घरातील भाऊ उभे राहिले आणि पुढे दामोदर, वासुदेव व बाळकृष्ण हे तिघे बंधू आणि त्यांचे मित्र महादेव रानडे फासावर चढले. संताप शहराचा होता. धैर्य मात्र घरातून, तालमीतून, मैत्रीतून आले. चापेकरांच्या बलिदानाची आणि भारतीय राज्यघटनेविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांची तुलना येथे अभिप्रेत नाही. एक परकीय सत्तेविरुद्धचा लढा होता, दुसरे स्वकीयांच्या प्रजासत्ताकाविरुद्ध पुकारलेले युद्ध. पण माणूस पहिले पाऊल कसे टाकतो, याची रीत दोन्हीकडे सारखीच असते. हेतू उदात्त असो वा विघातक, माणसाला हाक ऐकू येते ती ओळखीच्या आवाजातली.

माओवाद्यांनी हे मर्म नेमके हेरले. त्यांच्या सांस्कृतिक पथकांनी गोंडीतून गाणी रचली, ढोलाच्या तालावर नाचत ती गावोगाव नेली. ज्या भाषेत शाळेचा गुरुजी बोलत नव्हता, तलाठी बोलत नव्हता, दवाखान्यातील डॉक्टर बोलत नव्हता, त्या भाषेत बोलणारा पहिला ‘बाहेरचा’ माणूस खांद्यावर बंदूक घेऊन आला, ही शिष्ट समाजाने अंतर्मुख होऊन पाहावी अशी गोष्ट आहे. मग एका घरातील मुलगा गेला, त्याच्या मागोमाग चुलतभाऊ, त्यानंतर गोटुलातील सोबती. नेतृत्वातही हेच दिसते. भूपतीचा भाऊ किशनजी याच चळवळीचा मोठा नेता होता आणि तो नोव्हेंबर २०११ मध्ये बंगालमध्ये मारला गेला. भूपतीची पत्नी तारक्का हिनेही चार दशके जंगलात काढून १ जानेवारी २०२५ रोजी आत्मसमर्पण केले. या दोघा भावांचे वडील स्वातंत्र्यसैनिक होते, हा काळाचा उपरोध म्हणावा लागेल.

याच सूत्राची दुसरी, अधिक आशादायक बाजूही गडचिरोलीनेच दाखविली. १९९० मध्ये उभारलेल्या ‘सी-६०’ दलात मोठ्या संख्येने याच जिल्ह्यातील गोंड-माडिया तरुण भरती झाले. तेच जंगल, तेच दारिद्र्य, तीच भाषा. कित्येकदा तर एकाच पंचक्रोशीतील दोन मुले. एक दलमात गेला, दुसऱ्याने खाकी गणवेश चढविला. दोघांच्या परिस्थितीत अंतर नव्हते. अंतर होते ते दोघांपर्यंत कोणाचा हात आधी पोहोचला, एवढेच.

गणवेशाचे आकर्षण

मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण ठळकपणे दिसते. दलमांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. मनाविरुद्ध ठरविलेला विवाह, घरातील मारझोड, ठेकेदाराच्या वा वनकर्मचाऱ्याच्या वाईट नजरा यांतून सुटू पाहणाऱ्या मुलीला दलम हे आश्रयस्थान वाटले. अंगावर गणवेश, हातात बंदूक, लिहिण्या-वाचण्याचे धडे आणि चारचौघांत तिच्या शब्दाला किंमत, हे सारे तिला प्रथमच मिळत होते. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरच्या यादवीचा अभ्यास करणाऱ्या एलिझाबेथ वुड यांना तेथील शेतकऱ्यांत हीच गोष्ट आढळली. बंडात गेल्याने पदरात काही जादा पडणार नाही, हे ठाऊक असूनही अनेकांनी जोखीम पत्करली; कारण आपल्या हातून काही घडते आहे, आपणही इतिहासाचे कर्ते आहोत, या जाणिवेचा अभिमान त्यांना मोलाचा वाटला.

परंतु ज्या प्रतिष्ठेच्या आशेने ही मुले-मुली गेली, ती त्यांना तेथे लाभली काय? आत्मसमर्पण केलेल्यांच्या कथनांतून वारंवार पुढे आले आहे की, विवाहासाठी पक्षाची अनुमती लागे आणि मूल होऊ नये म्हणून पुरुषांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागे. आईबाप वारले तरी घरी जाता येत नसे. दशकानुदशके निर्णय घेणारी वरची फळी मुख्यतः तेलुगू भाषक आणि शहरी शिक्षण घेतलेल्यांची राहिली; गोळ्या झेलणारे मात्र गोंड, माडिया आणि मुरिया. दिल्लीची सत्ता दीर्घकालीन युद्धाने उलथून टाकावयाची, हे नेत्यांचे स्वप्न होते. भामरागडच्या मुलाला हवे होते ते एवढेच, की फळीवर पुडे नीट मोजले जावेत आणि बापाला कोणी शिवी देऊ नये. एकाच बंदुकीच्या दोन टोकांना अशी दोन वेगवेगळी स्वप्ने होती. त्यांतील एकाचा वापर दुसऱ्यासाठी करण्यात आला. बुद्धिभेद झाला, तो येथे.

भय आणि सूड

सारेच स्वेच्छेने गेले, असेही नाही. दलमाचा हुकूम आला की घरातला एक मुलगा वा मुलगी द्यावी लागे, अशी स्थिती अनेक भागांत होती. नकार देणाऱ्यावर ‘खबऱ्या’ असा शिक्का बसे. गडचिरोली आणि बस्तरमध्ये अशा शिक्क्याने शेकडो निरपराध वनवासींचे प्राण घेतले. त्यांची नावे मानवाधिकारांच्या चर्चांत क्वचितच ऐकू आली. पुरोगामी म्हणविणाऱ्यांच्या या मौनाचा हिशेब कधीतरी मांडावाच लागेल.

त्याचबरोबर दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. निरपराधावर पडलेली काठी ही बंडखोरांसाठी भरतीची जाहिरात ठरते. छत्तीसगढमध्ये २००५ साली सुरू झालेल्या सलवा जुडूमच्या काळात वस्त्या जळाल्या, हजारो कुटुंबे छावण्यांत आली, हजारो सीमेपलीकडे गेली. विशेष पोलीस अधिकारी म्हणून अल्पशिक्षित वनवासी तरुणांच्या हाती शस्त्र देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी घटनाबाह्य ठरविली. त्या काळात माओवाद्यांना मनुष्यबळ मिळाले, ते पुस्तकांतून नव्हे, जळलेल्या घरांतून. शासनाने शक्ती जरूर वापरावी, किंबहुना ते त्याचे कर्तव्यच आहे. पण ती नेमकी आणि न्याय्य असावी लागते. शक्ती आणि शिस्त एकत्र असतात तेव्हाच प्रजा निर्भय होते, हे शिवछत्रपतींच्या राज्यकारभारातून महाराष्ट्राने शिकले आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लागता कामा नये, ही ताकीद त्यांनी आपल्याच सैन्याला दिली होती, शत्रूला नव्हे.

परतीची वाट कशी तयार झाली?

ज्या कारणांनी माणसे गेली, जवळजवळ त्याच कारणांनी ती परतली, हे या प्रकरणातील सर्वांत उद्‌बोधक सत्य आहे. आपल्याच गावातील माणूस खबऱ्या म्हणून मारला गेला, तेव्हा नात्याचा धागा तुटला. नेत्याने आज्ञा करावयाची आणि पोरांनी मरावयाचे, हे उमगले, तेव्हा मानाचा भ्रम फिटला. सुरक्षा दलांचा दबाव होताच आणि त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. पण दबाव माणसाला कोंडीत पकडतो. बाहेर येण्याची वाट दिसण्यासाठी आणखी काही लागते.

ती वाट अनेक हातांनी तयार केली. १९५२ मध्ये बाळासाहेब देशपांडे यांनी जशपूर येथे वनवासी कल्याण आश्रमाचे काम सुरू केले. १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प उभारला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे माडियांत माडिया होऊन राहिले. १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत आरोग्यसेवेचे कार्य चालविले. या मंडळींच्या विचारसरणी एक नाहीत, परस्परांशी मतभेदही आहेत. मात्र बंदूक न घेता, लोकांची भाषा शिकून, त्यांच्या अंगणात बसणारा माणूस ही गोष्ट या सर्वांत समान आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गावाने तर प्रश्नाच्या गाभ्यालाच हात घातला. देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वसहमतीने चालणारी ग्रामसभा घडविली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वनविभाग बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. अखेर २०११ मध्ये परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आले. ज्या बांबूसाठी आजोबाला दंड भरावा लागला, त्याच बांबूच्या वाहतुकीच्या परवान्यावर नातवाची सही! नक्षलवाद्यांना चार दशकांत जे देता आले नाही, ते एका कायद्याने आणि एका जागत्या गावाने दिले, तेही एकही गोळी न झाडता. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करू लागल्या.

तेलंगणाच्या इतिहासातही असेच वळण आहे. वेट्टी नावाच्या वेठबिगारीविरुद्ध पेटलेल्या तेथील संघर्षात ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावी दोड्डी कोमरय्या या तरुणाचा बळी गेला आणि सशस्त्र लढ्याचा वणवा पसरला. निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपल्यावरही कम्युनिस्टांनी स्वतंत्र भारताविरुद्ध तो लढा ऑक्टोबर १९५१ पर्यंत रेटला. त्याच वर्षी, १८ एप्रिल १९५१ रोजी, विनोबा पोचमपल्लीत पोहोचले. दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाच्या पुढील यशापयशाची चर्चा वेगळी. पण जो प्रश्न बंदुकीशिवाय सुटणार नाही असे सांगितले जात होते, तो समोरासमोर बसून मांडता येतो आणि समाजाकडून त्याला प्रतिसादही मिळू शकतो, हे त्या दिवशी दिसले.

आता कसोटी समाजाची

जंगलातील बंदुका शांत होत असताना आता कसोटी आहे ती समाजाची. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरातील लोहखनिज देशाला हवे आहे, रस्ते हवे आहेत, कारखाने हवे आहेत. विकासाला विरोध करणे हा वनवासींच्या हिताचा मार्ग नव्हे. परंतु त्या कारखान्याच्या फाटकाशी माडिया तरुण केवळ पहारेकरी म्हणून उभा राहणार, की आत तंत्रज्ञ म्हणून? ग्रामसभेचा शब्द ऐकला जाणार, की तिचा अंगठा घेतला जाणार? फळीवरच्या मुनिमाची जागा उद्या एखाद्या कंपनीच्या कारकुनाने घेतली आणि बापाला पुन्हा मुलादेखत शिवी ऐकावी लागली, तर शस्त्रे गेली तरी कारण उरेल. कारण उरले, की नवे नेते, नवा झेंडा आणि नवी पोथी यांना फार वेळ लागत नाही.

शरण आलेल्यांचे पुनर्वसन म्हणजे त्यांना भूखंड आणि धनादेश देणे एवढेच नव्हे. पंचविशीतील तरुण जंगलातून बाहेर येतो, तेव्हा त्याच्यामागे एक सारे जग तुटलेले असते. सोबती, शिस्त, स्वतःच्या महत्त्वाची जाणीव, सारेच. त्याला नवे सोबती लागतात, नवे काम लागते, आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत, ही भावना लागते. हे शासनाच्या कोणत्याही निर्णयाने देता येत नाही. ते समाजच देऊ शकतो.

पुण्या-मुंबईच्या, नागपूर-नाशिकच्या सुस्थित कुटुंबांना गडचिरोली दूर वाटते. दिवाळीत फराळाचे डबे आणि जुने कपडे पाठविले, की कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळते. त्या डब्यांमागील भावना खोटी नाही. पण दयेतही एक सूक्ष्म उतरंड असते आणि ज्याला मान हवा आहे, त्याला ती चटकन कळते. वसतिगृहात शिकणाऱ्या माडिया मुलाला सुटीत घरी बोलावणारे, त्याच्याकडून चार गोंडी शब्द शिकणारे, त्याला शेजारच्या पानावर जेवू घालणारे घर त्याच्या मनात जे पेरते, ते कोणत्याही योजनेतून पेरले जात नाही. एकरस समाजाचे स्वप्न सभांमधून मांडणे सोपे आहे. ते पंगतीत उतरविणे अवघड.

माणूस बंडाकडे वळतो तो पोटातल्या भुकेपेक्षा मनातल्या ठेचेमुळे आणि ओळखीच्या कोणाची तरी हाक आली म्हणून. ही हाक चार दशके चुकीच्या दिशेने येत राहिली, कारण योग्य दिशेने हाक मारणारे कंठ फारच थोडे होते. ते वाढले पाहिजेत. पोलिसांनी आपले काम केले आहे. जंगलातल्या त्या मुलापर्यंत यापुढे कोणाचा हात आधी पोहोचतो, हे ठरविण्याचे दायित्व आता समाजाचे आहे.